ब्लॉकचेन घेतल्यावर कंपनीची कामगिरी नेमकी कुठे सुधारते आणि ती मोजायची कशी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. तिचे तीन-चार मोठे ग्राहक, पंचवीसेक वाहतूकदार आणि बरेच लहान पुरवठादार आहेत. एका मोठ्या ग्राहकाने ‘आमच्या ब्लॉकचेनवर या’ असं कळवलंय. यात पैसा घातला तर कंपनीच्या कामगिरीत काय फरक पडेल, तो किती दिवसांत दिसेल आणि तो ब्लॉकचेनमुळेच पडला हे कशावरून म्हणायचं, हे संचालकांना जाणून घ्यायचंय.

फरक पडतो, पण एका ठरावीक जागी. दोन किंवा अधिक स्वतंत्र संस्था एकाच व्यवहाराची आपापल्या वहीत वेगवेगळी नोंद ठेवतात, महिनाअखेरीस त्या नोंदी जुळत नाहीत, मग त्या जुळवण्यात माणसांचा वेळ जातो, बिलं अडकतात, डेबिट नोटा, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याच्या चिठ्ठ्या, निघतात. ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या पक्षांकडे सारखी प्रत असलेली आणि मागाहून गुपचूप बदलता न येणारी सामायिक वही, कमी करते ती ही ताळमेळाची किंमत. यंत्राची उत्पादकता, मालाची गुणवत्ता, विक्रीचा आकडा यांच्याशी तिचा थेट संबंध नाही. ‘कामगिरी’ हा शब्द मोघम ठेवला तर प्रकल्प संपल्यावर दाखवायला हातात काहीच राहत नाही. म्हणून वादातल्या बिलांचं प्रमाण, पैसे हातात यायला लागणारे दिवस आणि ताळमेळात जाणारे तास, या आकड्यांवरच बोलायचं.

याचं सगळ्यात चांगलं, आकड्यांनिशी मांडलेलं उदाहरण वॉलमार्ट कॅनडाच्या मालवाहतुकीचं आहे. त्यांच्या दुकानांना माल पोचवणारे सुमारे ७० बाहेरचे वाहतूकदार आणि वर्षाला पाच लाखांवर फेऱ्या. भाड्याच्या ७० टक्के बिलांवर वाद व्हायचा. कारण सोपं होतं: एका बिलात दोनशेच्या आसपास बाबी यायच्या. थांबे किती, गाडी किती वेळ थांबली, डिझेलचा अधिभार कुठल्या दराने, शीतगाडीचं तापमान काय होतं. वाहतूकदाराची प्रणाली एक आकडा काढायची, वॉलमार्टची दुसरा. २०१९ पासून डीएलटी लॅब्स या कंपनीने हायपरलेजर फॅब्रिक या कंपन्यांसाठीच्या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवर बांधलेली व्यवस्था त्यांनी आधी एका वाहतूकदारासोबत तपासली आणि मग सगळ्यांसाठी लागू केली. वादातल्या बिलांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आलं.

हे कसं झालं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण नक्कल करताना लोक नेमका चुकीचा भाग उचलतात. तिथे फेरी संपल्यावर बिल बनत नाही. भाड्याचा प्रस्ताव, त्याचा स्वीकार, माल उचलणं, प्रत्येक थांबा, पोच, अशा प्रत्येक पायरीला गाडीच्या जीपीएसकडून आणि दोन्ही बाजूंच्या प्रणालीकडून माहिती येते आणि तिथल्या तिथे मान्य होते. गाडी रिकामी होते तेव्हा बिल जवळजवळ मंजूर झालेलं असतं. म्हणजे वाद नाहीसा झाला नाही. तो ४० दिवसांनी हिशेबखात्याच्या टेबलावर न येता त्याच दिवशी गेटवर मिटू लागला, आणि तिथे माणूस, गाडी, माल सगळं समोर असतं.

त्यासाठी एक गोष्ट आधी करावी लागते. ‘हॉल्टिंग’, म्हणजे गाडी खोळंबल्याचा आकार, कधीपासून धरायचं? गाडी गेटवर आली तेव्हापासून, की टोकन मिळालं तेव्हापासून, की डॉकला लागली तेव्हापासून? डिझेलचा दर कुठल्या शहराचा, कुठल्या वारचा? हे नियम स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहायचे तर दोन्ही बाजूंनी ते एकदाचे ठरवावे लागतात. माझ्या मते अशा प्रकल्पांतला निम्म्याहून जास्त फायदा या ठरवण्यातून येतो. ब्लॉकचेन तुम्हाला तसं ठरवायला भाग पाडते, हा तिचा मोठा गुण आहे, पण फायद्याचं सगळं श्रेय तिला देऊ नये.

मग हेच काम ग्राहकाच्या साध्या पोर्टलवर झालं नसतं का? तांत्रिकदृष्ट्या झालं असतं. फरक सत्तेचा आहे. ग्राहकाच्या व्हेंडर पोर्टलवर काम करणाऱ्या कुठल्याही पुरवठादाराला हे ठाऊक आहे: जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीची, तारीख पुढे गेली की पैसे पुढे जातात, २०० नगांऐवजी १९६ नोंदले गेले की डेबिट नोट थेट कापून घेतली जाते, आणि आपल्याकडे मेलच्या छापील प्रतीशिवाय पुरावा नसतो. सामायिक लेजरवर, म्हणजे त्या वहीवर, ती नोंद कुणी, कधी टाकली आणि नंतर बदलली का, हे दोघांकडे सारखंच राहतं. लहान बाजूला खरी किंमत याची आहे. पण त्यासाठी लेजरची प्रत तुमच्या नोडवर, म्हणजे जाळ्याला जोडलेल्या तुमच्या संगणकावर, हवी. नुसतं ‘ब्लॉकचेनवर चालणारं’ पोर्टल आणि त्याचा पासवर्ड मिळणार असेल, तर तुमच्यासाठी ते जुन्यासारखंच आणखी एक पोर्टल आहे.

आता मोजमाप. प्रकल्प सुरू होण्याआधी किमान एका तिमाहीचे आकडे काढून ठेवा, दोन तिमाही मिळाल्या तर उत्तम. पहिल्याच फेरीत, एकही प्रश्न न येता मंजूर झालेली बिलं किती टक्के. वाद मिटायला लागलेले दिवस, आणि यात सरासरी नको, मध्यक घ्या, कारण वर्षभर लोंबकळणारी पाच बिलं सरासरी बिघडवतात. डेबिट नोटांची रक्कम विक्रीच्या किती टक्के. देय तारखेनंतर किती दिवसांनी पैसे आले. ताळमेळावर गेलेले मनुष्यतास, त्यात फक्त हिशेबखातं धरू नका. डिस्पॅच, स्टोअर आणि विक्रीची माणसं फोनवर घालवतात तो वेळही धरा.

याच्या जोडीला तुलनेचा गट लागतो. सगळे वाहतूकदार एकदम आणू नका. पंचवीसपैकी आठ आधी घ्या, बाकीचे जुन्या पद्धतीवर राहू द्या, आणि दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. हे न केल्यास वर्षभरात नवीन ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणारी संगणक प्रणाली, आली, हिशेबखात्याचा प्रमुख बदलला, ग्राहकाने पैसे देण्याची मुदतच कमी केली, असं काहीही झालं तरी श्रेय ब्लॉकचेनला जातं. आठ निवडताना सगळ्यात शहाणे, संगणक सरावलेले वाहतूकदार निवडण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर तुलना सुरुवातीलाच खोटी ठरते. दोन मोठे, तीन मध्यम आणि तीन ज्यांची बिल्टी अजून हाताने लिहिली जाते असे, ही निवड बरी.

भांडवलावरचा परतावा किंवा नफ्याची टक्केवारी यांवर या प्रकल्पाचा परिणाम शोधू नका. पोलादाचा भाव दोन रुपयांनी हलला की तो परिणाम त्याखाली गाडला जातो. शेअरच्या भावाबद्दल तर बोलायलाच नको. डिसेंबर २०१७ मध्ये लाँग आयलंड आइस्ड टी या अमेरिकी पेय कंपनीने नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं आणि शेअर एका दिवसात दुपटीच्या वर गेला. पुढच्याच वर्षी नॅस्डॅकने तिला यादीतून काढलं. घोषणेनंतर भाव चढला म्हणून कामगिरी सुधारली, असा निष्कर्ष काढणारे अभ्यास याच कारणासाठी जपून वाचावेत.

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पाहा. महिन्याला ६,००० बिलं आणि १८ टक्क्यांवर वाद, म्हणजे १,०८० बिलं. प्रत्येक वादावर सगळ्यांचा मिळून ४० मिनिटं वेळ गेला तर ७२० तास. तासाला ३०० रुपये धरले तर २.१६ लाख. वादातल्या बिलाची रक्कम सरासरी ४५,००० रुपये असेल तर ४.८६ कोटी रुपये अडकले. ते २५ दिवस उशिरा आले आणि खेळत्या भांडवलाचं व्याज १०.५ टक्के असेल, तर महिन्याला साधारण ३.५ लाख व्याज गेलं. एकूण गळती महिन्याला ५.६६ लाख. वाद ६० टक्क्यांनी घटले तर बचत ३.४ लाख. सुरुवातीचा खर्च ६० लाख आणि चालू खर्च महिन्याला दीड लाख असेल तर निव्वळ बचत १.९ लाख, आणि पैसे वसूल व्हायला ३२ महिने.

इथपर्यंतचं गणित विक्रेताही करून देतो. पुढचं तो करत नाही. भागांचे क्रमांक, दर, पत्ते, पॅकिंगची संख्या, हॉल्टिंगचा नियम एवढी मास्टर डेटाची साफसफाई केली आणि ब्लॉकचेन घेतलीच नाही, तर वाद किती घटतील? समजा त्या ३.४ लाखांपैकी निम्मी बचत नुसत्या साफसफाईतून आली. मग साखळीच्या, म्हणजे ब्लॉकचेनच्या, वाट्याला १.७ लाख राहतात आणि तिचा चालू खर्च दीड लाख आहे. महिन्याला वीस हजारांसाठी कुणी ६० लाख घालत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी साफसफाई, मग तीन महिने मोजणी, आणि उरलेल्या वादांपैकी ‘नोंद तुम्ही बदललीत’, ‘आम्हाला कळवलंच नाही’ अशा अविश्वासाच्या वादांचं प्रमाण पाहा. ते मोठं असेल तरच ब्लॉकचेनला काम आहे. उरलेले वाद बहुतेक मोजणीच्या चुकांचे असतील तर वजनकाटा आणि बारकोड स्कॅनर थेट प्रणालीला जोडा. ते स्वस्त पडेल.

जिथे सगळ्यांना मान्य असलेली एक मध्यवर्ती संस्था आहे, तिथेही ही गरज पडत नाही. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात ती अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवरून. बागेची नोंदणी, नमुना घेणं, कीडनाशक अंशाची तपासणी, पॅकहाउस, अॅगमार्क, फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र, ही साखळी २००६ पासून एका मध्यवर्ती प्रणालीत चालते आणि पेटीवरून बागेपर्यंत पोचता येतं. ब्लॉकचेनचा त्यात काही संबंध नाही. वॉलमार्टच्या आंब्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं, की एका पाकिटाचा माग काढायला जवळजवळ सात दिवस लागायचे ते २.२ सेकंदांवर आले. आकडा खरा आहे. पण ते २.२ सेकंद मिळाले, कारण शेतापासून दुकानापर्यंतची माहिती आधीच एका साच्यात भरून ठेवली होती. ग्रेपनेटवाल्यांना यात नवल वाटू नये.

तुमच्या बिलांच्या बाबतीत तर अर्धं काम सरकारने केलेलं आहे. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्यावरचा ६४ अक्षरांचा आयआरएन म्हणजे पुरवठादाराचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसाच, आहे. तेच बिल दुसऱ्यांदा नोंदवायला गेलं तर पोर्टल परत पाठवतं. नवीन जाळ्यात बिलाची स्वतंत्र ओळख तयार करू नका, आयआरएनच वापरा. प्रत्येक जाळ्याने आपापला क्रमांक काढला की ताळमेळाचा एक नवाच थर तयार होतो, आणि तोच कमी करायला आपण निघालेलो असतो.

ब्लॉकचेनची खरी गरज कुठे असते ते भारतातल्या ट्रेड्स व्यवहारात दिसतं. लहान उद्योगांची बिलं वटवणाऱ्या, म्हणजे मुदतीआधी पैसे मिळवून देणाऱ्या, आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट आणि एमवनएक्सचेंज या तिघा परवानाधारक मंचांपुढे प्रश्न होता की एकच बिल दोन मंचांवर वटवलं तर कळणार कसं. ते एकमेकांचे स्पर्धक, ग्राहकांची बिलं एकमेकांना दाखवणार नाहीत. २०१८ मध्ये मोनेटागो या कंपनीच्या जाळ्यावर ते बिलांचे फक्त हॅश ठेवू लागले. हॅश आधीच असेल तर इशारा मिळतो, बिल कुणाचं आणि किती रकमेचं हे मात्र उघड होत नाही. अनेक पक्ष, परस्पर अविश्वास, आणि सामायिक करायची गोष्ट अगदी छोटी. या तिन्ही अटी जुळल्या की तंत्रज्ञान आपलं काम चोख करतं.

हॅश वापरताना दोन चुका नेहमी होतात. एक, हॅश काढण्याआधी मजकूर एकसारखा न करणं. ‘आयएनव्ही-०४१/२३-२४’ आणि ‘आयएनव्ही०४१/२३२४’ ही माणसाला एकच बिलं, पण हॅश पूर्ण वेगळे. मोकळ्या जागा, आडव्या रेघा, लहान-मोठी अक्षरं, तारखेचा साचा, रक्कम पैशांत पूर्णांक करून, असा सगळा नियम लिहून ठेवावा लागतो. दुसरी, एसएचए-२५६ या सर्वांना ठाऊक पद्धतीचा साधा हॅश गुप्त आहे असं समजणं. जीएसटीआयएन सगळ्यांना उपलब्ध असतो, बिलांचे क्रमांक ओळीने चालतात. स्पर्धक काही तासांत सगळ्या शक्यता तपासून तुमची बिलं ओळखू शकतो. गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, म्हणजे एचमॅक, वापरा आणि ती किल्ली कोण सांभाळतं ते करारात लिहा. आयआरएनही असाच उघड घटकांपासून बनलेला आहे, तेव्हा स्पर्धकांच्या जाळ्यात तो जसाच्या तसा टाकायचा नाही.

पहिले दोन-तीन महिने कामगिरी घसरते, हे संचालकांना आधीच सांगून ठेवा. देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या संस्थेने हे एकदा सोसलेलं आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी, म्हणजे वितरित लेजरची, व्यवस्था आली. संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, आणि प्रत्येक संदेशाचा ठरलेला मजकूर म्हणजे टेम्प्लेट, सगळं दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक लेजरवर. ८ मार्च २०२१ ला मजकुराची तपासणी कडकपणे सुरू झाली आणि बँकांचे ओटीपी, ऑनलाइन पैसे भरणं अडकलं. ट्रायला ती तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. नोंदवलेल्या मजकुरात आणि प्रत्यक्ष जाणाऱ्या मजकुरात एखाद्या शब्दाचा फरक, आणि संदेश अडला. तंत्र सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं, तयारी अपुरी होती. म्हणून तुमच्याकडे पहिले सहा ते आठ आठवडे नवी प्रणाली फक्त ‘ही नोंद मी अडवली असती’ असा अहवाल देईल, अडवणार नाही, अशी ठेवा. अडणाऱ्या नोंदी एक टक्क्याच्या खाली आल्या की खरोखर अडवणं सुरू करा.

बांधणीतल्या काही गोष्टी कामगिरीवर थेट बसतात, आणि त्या निविदेत क्वचितच लिहिलेल्या असतात. जाळं फॅब्रिकवर असेल असं धरून सांगतो, कंपन्यांची बरीच जाळी त्यावरच आहेत.

वाहतूकदाराची एकूण थकबाकी एकाच किल्लीखाली, म्हणजे लेजरवरच्या एकाच नोंदीच्या नावाखाली, ठेवली आणि प्रत्येक फेरीने ती बदलली, तर एका ब्लॉकमध्ये आलेल्या नोंदींपैकी पहिलीच टिकते. बाकीच्या ‘वाचलेली आवृत्ती बदलली’ म्हणून बाद होतात. चाचणीत दिवसाला वीस फेऱ्या असतात म्हणून हे दिसत नाही. महिनाअखेरीच्या गर्दीत दिसतं. उपाय असा की प्रत्येक फेरीची स्वतंत्र किल्ली ठेवायची आणि बेरीज वाचताना करायची. यात भर म्हणून बाद झालेली नोंदही ब्लॉकमध्ये राहते, फक्त तिच्यावर बाद असा शिक्का असतो. तुमची ईआरपी ‘पाठवली’ यालाच ‘झाली’ समजत असेल तर बिल मंजूर झालं असं दाखवलं जाईल आणि लेजरवर ते नसेल. नोंद पक्की झाल्याचा संदेश नोडकडून आल्यावरच ईआरपीत पुढचं पाऊल टाकायचं, हा नियम जोडणी करणाऱ्याकडून लेखी घ्या.

चेनकोडमध्ये, म्हणजे फॅब्रिकवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, संगणकाचं घड्याळ वाचू नये, बाहेरून डिझेलचा दर मागवू नये, दशांश आकडे वापरू नयेत. प्रत्येक संस्थेचा नोड तोच हिशेब स्वतंत्रपणे करतो. उत्तरात किंचित फरक पडला की मान्यता जुळत नाही आणि व्यवहार अडकतो. वेळ व्यवहारावरच्या शिक्क्यातून घ्यायची, दर आधी वेगळी नोंद म्हणून टाकायचा, रक्कम पैशांत ठेवायची.

फॅब्रिकच्या प्रमाणपत्र यंत्रणेत नोडची ओळख पटवणाऱ्या साधारण प्रमाणपत्रांची मुदत मुळात एक वर्षाची असते. वर्षभर सगळं सुरळीत चालतं आणि नेमका वाढदिवशी नोड बोलायचा थांबतो. ९०, ३० आणि ७ दिवस आधी इशारा लावा, आणि नूतनीकरण एकदा चाचणी जाळ्यावर करून पाहा.

क्रम लावणारे नोड, म्हणजे ऑर्डरर, राफ्ट या पद्धतीवर तीन असतील तर एक बंद पडला तरी चालतं, पाच असतील तर दोन. पण ते पाचही ग्राहकाच्याच डेटा सेंटरमध्ये असतील तर विकेंद्रीकरण कागदावरचं आहे. शिवाय राफ्ट बंद पडण्यापासून वाचवतं, लबाडीपासून नाही. २०२४ च्या फॅब्रिक ३.० पासून स्मार्टबीएफटीचा पर्याय आहे, त्यात चार नोडांपैकी एक लबाड निघाला तरी निभावतं. आणि मान्यतेचा नियम तपासा. ‘कुणाही एकाची सही चालेल’ असा नियम असेल तर ग्राहक एकटा नोंद करू शकतो आणि आपण मघाशी ज्या पुराव्याच्या किमतीबद्दल बोललो ती शून्य होते. बिल आणि जीआरएनसाठी दोघांची सही अनिवार्य हवी.

गेटवर चुकीचं वजन टाकलं गेलं तर ते चुकीचं वजन कायमचं राहतं. त्यामुळे दुरुस्तीची उलट नोंद कशी करायची, ती कुणाच्या सहीने, किती दिवसांत, हे पहिल्या दिवसापासून चेनकोडमध्ये हवं. ते नसलं की लोक फोनवर आणि एक्सेलमध्ये दुरुस्त्या ठेवू लागतात, आणि सहा महिन्यांत लेजर एक आणि वास्तव दुसरंच होतं. चालकाचं नाव, मोबाइल, परवाना क्रमांक साखळीवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क आहे आणि साखळीवरून काही पुसता येत नाही. ती माहिती बाहेर ठेवा, साखळीवर फक्त संदर्भ. कोर्टात पुरावा म्हणून वापरायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतंच, त्यात हॅश आणि तो कुठल्या पद्धतीने काढला हे लिहायचं असतं. ‘ब्लॉकचेनवर आहे’ एवढ्यावर न्यायालयात भागत नाही.

मोठे प्रकल्प का बुडाले हे पाहिलं तर तंत्रापेक्षा कारभार आणि हाव यांची कारणं जास्त दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने, एएसएक्सने, आपली १९९४ पासूनची चेस ही समाशोधन प्रणाली, म्हणजे शेअर व्यवहारांचा हिशेब मिटवणारी यंत्रणा, ब्लॉकचेनवर नेण्याचं २०१७ मध्ये ठरवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये काम थांबलं आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत दाखवावे लागले. वर्षभराने त्यांनी टीसीएसचं ‘बँक्स’ (BaNCS) नावाचं तयार सॉफ्टवेअर निवडलं. जिथे एकच संस्था सगळ्या नोंदींची अधिकृत मालक आहे तिथे वितरित लेजर कशाला, हा प्रश्न तिथे सुरुवातीलाच विचारायला हवा होता असं मला वाटतं. जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएमचं मालवाहतुकीचं ट्रेडलेन्स याच्या उलट टोकाला होतं. तिथे पक्ष अनेक होते आणि गरज खरी होती. एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइडसारख्या जहाज कंपन्या सामीलही झाल्या. पण मंच एका स्पर्धकाच्या मालकीचा होता, आणि सगळ्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही असं सांगून २९ नोव्हेंबर २०२२ ला तो बंद करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी विमा कंपन्यांचं बीथ्रीआय आणि युरोपीय बँकांचं वी.ट्रेडही बुडालं.

तुमचा ग्राहक चालवतो ते जाळंही ट्रेडलेन्सच्याच जातीचं आहे, एका बलवान पक्षाच्या मालकीचं. म्हणून नाही म्हणू नका, पण सही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. तुमचा स्वतःचा नोड, तुमच्या सर्व्हरवर किंवा तुमच्या क्लाउड खात्यात, आणि सहीची किल्ली तुमच्याच ताब्यात. नियम बदलायला तुमची किंवा पुरवठादारांच्या प्रतिनिधीची संमती. शुल्क दर व्यवहारामागे असेल तर तीन वर्षांची कमाल मर्यादा. तुमचे दर दुसऱ्या पुरवठादाराला दिसणार नाहीत यासाठी खासगी डेटा कलेक्शन, म्हणजे ठरावीक पक्षांनाच दिसणारी नोंदींची जागा, आणि ते खरंच खासगी आहे याची तपासणी तुमच्या माणसाने दुसऱ्या संस्थेच्या नोडवरून करून पाहायची. साखळीवर मंजूर झालेलं बिल किती दिवसांत चुकतं होईल याची बांधिलकी. ती नसेल तर मंजुरी लवकर होते आणि पैसे जुन्याच तारखेला येतात, म्हणजे वर मांडलेल्या गणितातले व्याजाचे साडेतीन लाख जागचे हलत नाहीत. दुसरा ग्राहक उद्या वेगळं जाळं घेऊन आला तर तुमची ईआरपी दोन्हींना जोडता यावी म्हणून मधला जोडणीचा थर तुमच्या मालकीचा हवा, ग्राहकाच्या विक्रेत्याचा नको.

आणि बाहेर पडण्याची अट. ट्रेडलेन्स बंद करण्याची घोषणा झाल्यापासून ते प्रत्यक्ष बंद होईपर्यंत सुमारे चारच महिने मिळाले, आणि तेवढ्यात वापरणाऱ्यांना दुसरी सोय करावी लागली. तुमच्या करारात किमान सहा महिन्यांची सूचना मागा, सगळ्या नोंदी सह्यांसकट वाचता येतील अशा साच्यात मिळण्याचा हक्क मागा, आणि दर तिमाहीला तशी एक प्रत काढून ती तुमच्या ईआरपीच्या आकड्यांशी जुळते का हे हिशेबखात्याकडून तपासून घ्या.